अंग झाडेपर्यंत

माझ्या जिवाच्या बदल्यात एक बोकड ठरला होता, हे मला कळायला लागलं तेव्हापासून माहीत होतं. इतर पोरींच्या नावानं मामाकडून चांदीचे वाळे येत, माझ्या नावानं बोकड होता, आणि तोही अजून द्यायचा राहिलेला. मी उलट उत्तर दिलं की मोठी आत्या लगेच सुनवायची, "जास्त टरटर करू नको कौसे, तुह्या जीवाचा बोकड आजून बाकीच हाये!" ही आत्या म्हणजे बाबाची मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली ती कायमची, आणि घरातले सणवार, नवससायास, कोणाचं काय चुकलं आणि कोणी कधी काय कबूल केलं, हा सगळा कारभार तिनं आपल्या हातात घेतला. तिची आठवण इतकी पक्की की तिच्यासमोर खोटं बोलायची कोणाची टाप नव्हती.

गोष्ट अशी, की मी दीड वर्षाची असताना मला घटसर्प झाला. घसा आतून धरला, श्वासाची शिटी वाजायला लागली, ओठ निळे पडले. बाबानं बैलांची दमणी जुंपली, माय मला मांडीवर घेऊन बसली, आत्या मागं, आणि निघाले साकोलीच्या दवाखान्यात. आमचं गाव सानगडीपासून पायी अर्ध्या तासावर. गावाची शीव ओलांडताना वाटेत कडुनिंबाखाली मातामाय आहे. शेंदूर लावलेले पाच दगड, एक चौथरा, बस. तिथं पोचेस्तोवर माझी शिटीही थांबत आली होती. बाबानं बैल थांबवले, मायच्या मांडीवरून मला उचललं, चौथऱ्यावर नेऊन ठेवलं आणि दगडाला डोकं टेकवून किती तरी वेळ काही बोलत राहिला. माय आणि आत्या दमणीतच होत्या, त्यांना काही ऐकू आलं नाही. मग त्यानं मला परत आणून मायच्या मांडीवर टाकलं आणि बैल असे हाणले की आत्याच्या म्हणण्याप्रमाणे चाकं जमिनीला टेकतच नव्हती. साकोलीच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. मी जगले.

चार-आठ दिवसांनी घरी आल्यावर आत्यानं विचारलं, "गोविंदा, मातामायले काय कबूल केलं रे? बोकडच ना?" बाबा बैलाच्या मानेला तेल चोळत होता. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. आमच्या घरात जो नाही म्हणत नाही त्याचं हो धरायची रीत होती. अशा रीतीनं माझा बोकड ठरला. पोरीचा नवस ती शहाणी होण्याच्या आत फेडायचा असतो, एवढीच त्याला मुदत.

बाबा मुळात कमी बोलणारा. आमचं घर मात्र बोलकं. पहाटे ढेकीवर धान कांडायचा आवाज सुरू व्हायचा, धाड् धाड्, आणि त्या तालावर आत्याची बडबड. तलाव घरामागंच, त्याचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, उघडलं की पाणी पाटानं खळखळ करत आमच्या धानाच्या बांधीत यायचं, आणि मी अंथरुणातूनच ओळखायची की आज पाळी आमची. जेवण म्हणजे भात, अंबाडीची भाजी, सुक्या झिंग्यांची चटणी; सणाला लाखोळीच्या डाळीचे वडे. ते वडे आठवले की आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं, डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणो. या सगळ्यात बाबा पाहुण्यासारखा वावरायचा. वेडाबिडा नव्हे, कामाला वाघ; पण कुठल्याच गोष्टीत स्वतःचं नाव घालायचा नाही. नवं धोतर आणलं तर वर्षभर पेटीत. त्यानं मायला नांगर धरायला शिकवला, पाण्याच्या पाळीचा हिशोब शिकवला, सही करायला शिकवली. आमच्या गावात तेव्हा बाई नांगर धरते म्हणजे हसण्यावारी नेण्याची गोष्ट. माय चिडायची. "मले कायले शिकवून राहिले हे? तुमी कुठं चालले?" तो नुसता हसायचा. गावातली माणसं त्याला जोगी म्हणायची, आम्हीही म्हणायचो. मला वाटायचं, असतात काही माणसं अशी.

मी बाराव्या वर्षात पाऊल टाकलं आणि आत्याला घाई सुटली. बोकड घरचाच होता, भुऱ्या. त्याची आई त्याला जन्म देऊन मेली तेव्हा मीच त्याला बाटलीनं दूध पाजलं होतं. तो माझ्या मागं शाळेपर्यंत यायचा, माझ्या ओढणीची टोकं खायचा, आणि गुरुजींनी हाकललं की माझ्याकडे असा बघायचा की जसं काही गुरुजींना मीच नेमलं आहे. त्याचं काय करायचं ठरलंय ते मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण ते पुढं कधीतरी होतं. माघातला मंगळवार ठरला तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. आत्या म्हणाली, "न जेव! पन बोकड जाणार."

त्याच सुमारास आमच्या बाहेरच्या खोलीत नर्सबाई राहत होत्या. उपकेंद्राची इमारत बांधायची होती, ती बांधून होईपर्यंत सरकारनं त्यांना आमच्याकडे भाड्यानं ठेवलेलं. मार्थाबाई, नगरकडच्या, ख्रिस्ती. पोरांना लस टोचत गावोगाव सायकलनं हिंडायच्या आणि संध्याकाळी दमून बायबल काढून बसायच्या. त्यांच्या डोळ्यांना त्रास होता, बारीक टाइप वाचता यायचा नाही. म्हणून मी वाचून दाखवायची. त्या बदल्यात मला ग्लुकोजची बिस्किटं मिळायची, हे इथं कबूल करून टाकते, नाहीतर वाचकाला वाटायचं मी जन्मतःच धार्मिक. ती मराठी मोठी जड होती, पण कथा! आणि रक्त किती! जिकडे बघावं तिकडे गोऱ्हे, मेंढरं, बकऱ्या. मी मनात म्हणायची, यांचा देव तर आमच्या मातामायच्याही वरचढ निघाला.

मंगळवारच्या आदल्या दिवशी मी पुस्तक उघडलंच नाही. विचारलं, "बाई, तुमचा देवही बोकडं खाते का?"

त्यांना राग येईल वाटलं होतं. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "खात नाही, बाळ. त्याला कसली आलीय भूक!"

"मंग कायले कापायचे?"

"शब्द द्यायला. आपण कसं, कागदावर अंगठा उठवतो. बायबलातल्या त्या लोकांकडे कागद नव्हता, जीव होता. आणि रक्त म्हणजे जीव, असं ते मानायचे. म्हणून करार करायचा तर रक्तानं. त्यांच्या पुढाऱ्यानं, मोशेनं, निम्मं रक्त वेदीवर टाकलं आणि निम्मं लोकांच्या अंगावर शिंपडलं. दोन्हीकडे एकच रक्त. म्हणजे आता देव आणि ही माणसं एका जिवानं बांधली गेली."

मग त्यांनी मला अब्राहामाची ती गोष्ट सांगितली, आधी मी वाचलेली पण न कळलेली. पूर्वी दोन माणसं मोठा करार करत तेव्हा जनावरं मधोमध कापून दोन ओळीत मांडत, समोरासमोर, मधे वाट ठेवून. ज्यानं शब्द दिला त्यानं त्या वाटेनं चालत जायचं. तोंडानं काही म्हणायची गरज नाही. चालणं म्हणजेच सांगणं, की मी शब्द मोडला तर माझेही असेच दोन तुकडे होवोत. देवाशी करार करायचा म्हणून अब्राहामानं जनावरं मांडली. दिवसभर तो त्यांच्यावर येणारी गिधाडं हाकलत बसला, आम्ही धानावरची पाखरं हाकलतो तसा. आणि दिवस मावळताना त्याला गाढ झोप लागली.

"मंग चाललं कोण?"

"धुराची भट्टी आणि पेटती मशाल. म्हणजे देव. एकटाच. माणसाला त्यानं चालवलंच नाही. मोडला करार कोणीही, तरी भोगीन मी."

बाई पुढं त्यांच्या प्रभूबद्दल बोलल्या, तोच त्या वाटेनं शेवटपर्यंत कसा चालत गेला ते, आणि म्हणून आता बकरं लागत नाही ते. ते सगळं मला पटलं असं नाही, आणि आजही मी मातामायचीच आहे, कोणी काही समजू नये. पण तुकड्यांच्या मधून एकटा चालत जाणारा तो विस्तव माझ्या डोक्यातून गेला नाही. मी एवढंच विचारलं, "बाई, भुऱ्याले काही समजत असंल का?" त्या म्हणाल्या, "नाही समजत. तीच तर अडचण असते बकऱ्याची."

मंगळवारी सकाळी धुकं होतं आणि थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. भुऱ्याला तलावावर नेऊन धुतलं, कपाळी कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. अर्धा गाव निंबाखाली जमला. मार्थाबाई आल्या नाहीत. त्यांच्या धर्मात ते बसत नव्हतं, आणि आत्यानंही आग्रह केला नाही. पुजारी सोमाबा, हाडं मोजून घ्यावीत असा वाळका म्हातारा, त्यानं दगडांना शेंदूर चढवला, भुऱ्यासमोर तांदूळ ठेवले आणि त्याच्या पाठीवर तांब्यातलं पाणी ओतलं.

आमच्याकडची रीत सांगते. पाणी पडल्यावर बोकडानं अंग झाडलं, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत थरथरून पाणी उडवलं, की मातामायनं त्याला घेतलं. तोवर सुरीला हात लावायचा नाही. सहसा एका दमात काम होतं, जनावर अंगावर पाणी ठेवतंच किती वेळ? भुऱ्यानं मात्र काही केलं नाही. तो तांदूळ खात उभा राहिला. दुसरा तांब्या ओतला, तिसरा ओतला. पाणी पोटाखालून टपटप गळत होतं आणि हा आरामात रवंथ करत होता. माणसं आधी हसली. "पोरीनं शिकवून आनलं असंल!" "थंडीच वाजत नाही बा याले!" एकानं हळूच भुऱ्याच्या कानात पाणी सोडायला हात पुढं केला तर सोमाबा अंगावर धावून गेला. "खबरदार! मायले फसवता का बे?"

ऊन वर आलं. हसणं थांबलं. सोमाबा म्हणाला, "देनाऱ्याच्या मनात काही अडून हाये. घरच्यायनं एकएकानं बोकड्याले हात लावा आन् काय लपवलं थे बोला."

आत्या पुढं झाली, कारण ती सगळ्यातच पुढं. भुऱ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "निवदाच्या वड्यातला एक वडा म्या खाल्ला. मीठ पाहाले." जरा थांबून, "दोन." कोणी हसलं नाही. माय म्हणाली, तिचा नवसावर कधी विश्वासच नव्हता, पोरगी इंजेक्शननं वाचली असं तिला वाटतं. मग मी. मी भुऱ्याच्या मानेला मिठी मारली आणि ओरडले, "मले भुऱ्या द्याचा नाही!" सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, हेच ते, पोरीच्या मनात अडलं होतं, बोलली, मोकळी झाली. सोमाबानं पाणी ओतलं.

भुऱ्यानं मान वळवून माझ्या ओढणीचं टोक तोंडात धरलं. बाकी काही नाही.

राहिला बाबा. तो निंबाच्या खोडाशी उभा होता. त्यानं डोक्यावरचा पंचा काढला, घडी घालून खाली ठेवला आणि पुढं आला. भुऱ्याला हात लावलाच नाही. दगडांकडे बघत म्हणाला, "बोकड म्या कबूलच नोता केला."

आत्या म्हणाली, "अरे गोविंदा, काय बोलून राहिला?"

"खरं थेच बोलून राहिलो. म्या मले देलं होतं. म्हनलं, पोरीले ठेव आन् मले ने. कवाही ने, मी तयार हावो. तू बोकड म्हनली, मंग म्या कोनाले काही सांगतलं नाही. सांगतलं असतं तं इनं जगू देलं असतं का मले?" हे मायकडे बघून.

मला नांगर आठवला, मायची सही आठवली, पेटीतलं धोतर आठवलं. दहा वर्षं हा माणूस रोज सकाळी उठून आमच्यात वावरत होता, बैलांना पेंड घालत होता, माझ्या परकराला काठ लावून आणत होता, आणि मनातून त्या दोन ओळींच्या मधल्या वाटेनं एकटा चालत होता. आम्ही त्याला जोगी म्हणत होतो! मला तेव्हा रडू आलं नाही. मला भीती वाटली, पण वाघाची वाटते तशी नाही; तुडुंब भरलेल्या तलावाच्या पाळीवर एकटं उभं राहिलं की वाटते तशी. इतकं मोठं काहीतरी माझ्यासाठी झालं होतं आणि मी बिस्किटं खात होते.

मग बाबा भुऱ्याच्या बाजूला गुडघे टेकून, हात जमिनीवर ठेवून बसला. सदरा काढला. म्हणाला, "सोमाबा, माह्या पाठीवर पानी टाक. मायले काय घ्याचं थे घेऊ दे."

माघातली सकाळ, तलावाचं गार पाणी आणि उघडी पाठ. अंग झाडणार नाही असा माणूस आहे का जगात? हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. सोमाबाला सगळ्यात आधी कळलं. तो म्हणाला, "मी नाही टाकत." बाबा म्हणाला, "मायच्या दारात नाही म्हनता येत नाही तुले." आणि ते खरं होतं. मागितलेलं पाणी पुजाऱ्याला नाकारता येत नाही.

तेव्हा माझी माय उठली. तिला इतकं संतापलेलं मी आधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. ती बाबाला काहीच बोलली नाही. सरळ शेंदराच्या दगडांपुढं जाऊन, कमरेवर हात ठेवून, शेजारणीशी भांडावं तशी बोलली. "आइक वो माय! या मानसानं मले पुसलं नाही. याचा जीव याच्या एकट्याचा नाही, अर्धा माहा हाये, मांडवात सगळ्या गावासमोर घेतला म्या. जे याचं नोतं थे यानं तुले देलं कसं? आन् तू घेतलं कसं? घ्याचंच असंल तं दोघायलेही घे, अर्धं काम कायले करतं!" आणि पदर खोचून ती बाबाच्या बाजूला तशीच गुडघ्यांवर बसली. बाबा म्हणाला, "उठ ना वो." ती म्हणाली, "चूप बसा!"

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. लोक सांगत, मी मधे शिरले. मला आठवतं ते एवढंच, की माझ्या एका बाजूला बाबाची उघडी गरम कूस होती, दुसऱ्या बाजूला मायचा दंड, आणि समोर भुऱ्याचे ओले पाय. सोमाबा रडत होता. त्याचा हात इतका कापत होता की ओतायच्या आधीच तांब्या हिंदकळला आणि पाणी आमच्यावर न पडता बाजूला, सगळंच्या सगळं भुऱ्याच्या डोक्यावर सांडलं.

आणि भुऱ्यानं अंग झाडलं. नाकापासून शेपटीपर्यंत. थेंब आमच्या तोंडावर उडाले.

"घेतलं!" कोणीतरी जीव तोडून ओरडलं. "मायनं घेतलं! घेतलं!" तो आवाज माझा होता.

आज इतक्या वर्षांनी मला हे लिहायला जड जातं. मी त्याला बाटलीनं दूध पाजलं होतं. तासाभरापूर्वी त्याच्या गळ्याला मिठी मारून मी त्याला मागून घेत होते. आणि बाबाऐवजी तो, हे दिसल्याबरोबर माझ्या छातीतून जो आनंद उसळला तसा आनंद मला लग्नात झाला नाही, पोरं झाली तेव्हा झाला नाही. भुऱ्या माझ्याकडेच बघत होता. त्याला काही समजत नव्हतं. मी नजर वळवली नाही, एवढंच त्याच्यासाठी केलं. सोमाबाचा घाव एकच, स्वच्छ. त्यानं रक्तात बोट बुडवून आधी दगडांना लावलं, मग वाकून बाबाच्या, मायच्या आणि माझ्या कपाळाला. ते गरम होतं. बाईंनी सांगितलं होतं, निम्मं तिकडे, निम्मं इकडे. बाबा तसाच गुडघ्यांवर होता आणि आता तो थरथरत होता, दातांवर दात वाजत होते, आणि आत्या आपल्या लुगड्याचा पदर त्याच्या पाठीवर ओढून "झालं रे बापा, झालं" असं लहान लेकराला म्हणावं तसं म्हणत होती.

दुपारी निंबाखालीच पंगत बसली. ज्याच्या जिवासाठी नवस त्यानं पहिला घास घ्यायचा, तोवर कोणी भाताला हात लावत नाही. आत्यानं माझ्या पत्रावळीवर भात वाढला, त्यावर रस्सा, आणि दोन तुकडे. साठ-सत्तर माणसं हात आवरून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं मला हे जमणार नाही. मी मान वर केली. समोरच्या ओळीत बाबा बसला होता, अंगात सदरा, कपाळावर वाळलेला टिळा, आणि तो भुकेनं पत्रावळीकडे बघत होता. त्याला भूक लागलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मी घास उचलला, चावला, गिळला. मग आत्याला म्हटलं, आणखी वाढ.